ऐंशीच्या पुढे

हँडल पहिल्यांदा हललं तेव्हा तिला वाटलं, आपल्याला शिंक येतेय. अंगात काहीतरी भरत चाललंय आणि आता ते बाहेर पडेल, असं काहीसं. मग लक्षात आलं की अंग जागच्या जागी आहे, हलतंय ते हातांच्या पुढचं. रस्ता सरळ, रिकामा, नव्या डांबराचा. काटा ऐंशीच्या जरा पुढे. हँडल डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, आधी बारीक आणि मग इतकं भरभर, की स्वतःच्या मुठी तिला धड दिसेनात. एखाद्याला काही विचारावं आणि त्यानं जोरजोरात मान हलवून नाही म्हणावं, तसं. तिनं ॲक्सिलरेटर सोडला तर ते आणखीच चेकाळलं, आणि मग साठच्या आसपास कधीतरी एकदम गप्प झालं, जणू त्या गावचंच नाही. तिनं गाडी कडेला घेतली. उतरून पुढचं चाक पाहिलं. चाकासारखं चाक होतं. आधी लाज वाटली, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मग मागच्या पेटीची आठवण झाली. वाटेवरच्या छोट्या गावांतल्या माणसांचं, तपासायला लॅबकडे न्यायचं रक्त त्या पेटीत नळ्यांमधून उभं होतं, आणि रक्त घुसळलं गेलं की रिपोर्ट चुकतो. पेटी उघडून तिनं दोन-चार नळ्या उजेडात धरून पाहिल्या. ठीक होत्या. भीती सगळ्यात शेवटी आली, तेव्हा ती मैलाच्या दगडावर बसून राहिली. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं स्टँडवरची गाडी हलली, तेव्हा कुठे ती उठली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. पाहुणे आले की त्याची एक गोष्ट हमखास निघायची: लिफ्ट हलते अशी तक्रार आली, की आधी तक्रार करणाऱ्यालाच आत उभं करायचं आणि वरखाली फिरवायचं. बहुतेक वेळा लिफ्ट ठीक असते, माणूसच हललेला असतो. पाहुणे हसायचे. तीही हसायची, लग्न झाल्यापासून हसत आली होती. आता त्यानं ताटावरून मान वर न करता विचारलं, "कितीला हललं?" ती म्हणाली, "ऐंशीच्या पुढे." "मग ऐंशीच्या पुढे जायचंच कशाला?" "वेळेत पोचावं लागतं. नमुने खराब होतात." "हँडल घट्ट धरत नसशील. तुला बरणीचं झाकण तरी उघडतं का?" यावर ती खरंच हसली, कारण झाकण नेहमी तोच उघडून द्यायचा, आणि देताना ते मुद्दाम दोन बोटांनी उघडायचा. त्यानं हसण्यावारी नेलं याचं तिला त्या वेळी बरंच वाटलं. आपल्यालाही ते हसण्यावारी नेता येईल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी जाताना हँडल हललं नाही. येताना हललं. तिनं घट्ट धरलं, खांद्यांपर्यंत घट्ट, आणि ते तिच्या हातांना घेऊन हलत राहिलं.

गॅरेजवाल्याला सगळे काका म्हणायचे. तो तिच्याहून लहान असावा, पण टक्कल लवकर पडलं आणि नाव चिकटलं. त्याच्याकडे दारावर पाटीच होती: सामान काढा, मग गाडी आत. पूर्वी कधी कुणाची तरी पिशवी गेली होती म्हणे, आणि काकाच्या डोक्याला ताप झाला होता. तिला ते सोयीचंच होतं. नमुने उन्हात ठेवून चालत नाही, त्यामुळे गाडी थांबली की पेटीचे दोन्ही खटके उघडायचे, पेटी उचलायची आणि सावलीत शेजारी घेऊन बसायचं, हे तिच्या हातांना पाठ झालं होतं. ती गॅरेजच्या बाकावर बसली, पेटीवर एक हात ठेवून. काकानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक वर उचललं, फोर्क धरून मागेपुढे ओढून पाहिला, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच वळवलं, डोळे मिटून, मध्ये कुठे अडतंय का ते बघत. चाक फिरवून, वाकडं आहे का बघायला रिमला खडू धरला. स्पोक एकेक वाजवून पाहिले. "कधी हलतं?" "ऐंशीच्या पुढे. येताना." "जाताना नाही?" "नाही." काकानं जरा विचार केला. "मागं वजन असतं का? डबलसीट असता का तुम्ही?" "छे," ती म्हणाली, "एकटीच असते." काकानं मान हलवली, हँडलच्या दांड्यातला कोनसेट बदलून टाकला आणि म्हणाला, आता हललं तर माझं नाव बदला. हललं. मग त्यानं पुढचा टायर बदलायला लावला. तरी हललं. तिसऱ्या खेपेला तो स्वतः गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर गेला आणि ती बाकावर पेटीशेजारी बसून राहिली. तो हसतच परत आला. "ताई, शंभरला नेली. दोन्ही हात सोडून बघितलं. एक नंबर आहे गाडी." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "येताना दमत असाल तुम्ही. लांबचा रस्ता आहे. बाईमाणसाला जरा जास्तच." तो चांगला माणूस होता, त्याला तिची खरोखर काळजी वाटत होती, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर चिडता आलं नाही. तिनं पेटी उचलून परत मागे बसवली. खटके लागल्याचा आवाज आला की नाही हे तिनं दोनदा तपासलं.

दमतो आपण येताना, हे खरंच होतं. तिनं ते स्वतःला समजावून पाहिलं. पहाटे निघायचं, गावोगावच्या छोट्या दवाखान्यांत थांबायचं, कुठे नर्स सापडायची नाही, कुठे नळीवर नाव लिहिलेलं नसायचं, कुठे कुणी दिवसभराच्या लघवीचा भरलेला कॅन हातात देऊन तोंड फिरवायचं. उन्हाळ्यात रस्ता वाढला, पुढची दोन गावं जोडली गेली, तेव्हा लॅबनं जुनी पेटी काढून ही नवी, मोठी दिली होती. पांढरी, चकचकीत, तिच्या गुडघ्याएवढी. त्या दिवशी लॅबच्या सरांनी तिचा गाडीसकट फोटो काढला होता आणि तो भिंतीवर लावला होता. त्या रस्त्यावर पेटी नेणारी दुसरी बाई कुणी नव्हतीच. सकाळी गाव संपलं, इमारती मागे पडल्या, की तिच्या छातीत काहीतरी मोकळं व्हायचं, आणि घरात, लॅबमध्ये, सासरच्या कुठल्याही खोलीत तसं कधी झालं नव्हतं. हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण बोलली असती तर कुणीतरी म्हणालं असतं, मग कशाला जातेस, हौस म्हणूनच ना. आता त्या मोकळ्या जागेत एक कान उभा राहिला होता. सत्तर, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. ती हँडलकडे न बघता हँडलकडेच बघत असायची. जाताना ते गरीब गाईसारखं असायचं. येताना ऐंशी झाले की तळहातांत आधी एक मुंगी यायची, आणि मग ते.

आणि मग मुंगी घरीही यायला लागली. चमचा धरताना, दाराची कडी लावताना, झोप लागता लागता. तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला हातात धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं. पाणी स्थिर होतं. मग थोडं हललं. पण पेला काठोकाठ भरला तर कुणाच्याही हातात पाणी हलेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगताना तो आवाज आईचा होता. आईला भिंत ऐकू यायची. मागच्या खोलीची भिंत घुमते, म्हणायची, दुपारी, सगळं शांत झालं की. वडिलांनी भिंतीला कान लावला, शेजारच्यांनी लावला, गवंड्याला बोलावून ठोकून घेतली. तिनंही लावला होता, शाळेतून आल्यावर, आईचा हात खांद्यावर असताना, आणि थंडगार चुन्याशिवाय काही जाणवलं नव्हतं. "येतं ना गं ऐकू?" आईनं विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. पुढे आईला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आई जाड झाली, गप्प झाली, आणि मग भिंत घुमते असं कधी म्हणाली नाही. घर विकलं. भिंत पडली नाही, तिच्यातून काही निघालं नाही, पलीकडे कुणाची मोटर होती असंही पुढे कधी कळलं नाही. आई बरोबर होती हे ठरण्याची वेळ निघून गेली होती. आई चुकीची होती हेही ठरलं नव्हतं. लोक मात्र सगळे एका बाजूला झाले होते आणि आई एकटी एका बाजूला उरली होती. रात्री नवऱ्याच्या शेजारी पडून तिला वाटायचं, हे रक्तात असतं का. नळीत धरून उजेडात पाहिलं तर दिसेल का.

लॅबच्या सरांपर्यंत गोष्ट गेली, कारण ती दोनदा उशिरा पोचली. साठनं आली तर उशीर होणारच. सरांनी बसायला सांगितलं, पंखा तिच्याकडे वळवला. सर गोड बोलायचे. "हे बघा, गाडीत दोष असेल तर गाडी बदलून देऊ, त्यात काही नाही. पण गॅरेजवाला म्हणतो दोष नाही. मग तुम्हाला त्रास होत असेल, तर काही दिवस ऑफिसात बसा. लेबलं लावायची, फोन घ्यायचे. रस्ता दुसरं कुणीतरी करेल." ती म्हणाली, "सर, मला त्रास नाही. गाडी हलते." सर म्हणाले, "तुमचे मिस्टर मशिनरीतलेच आहेत ना? त्यांना एकदा चालवू द्या. ते जे सांगतील ते मी धरतो. मला फोन करायला सांगा." आपल्या हातांनी इतके दिवस जे सोसलं त्याचा निकाल नवऱ्याच्या एका चकरेवर आला, हे तिला बोचलं. पण आशाही वाटली. नवऱ्याला एकदा हातांत ते जाणवलं की त्याला काही सांगावं लागणार नाही, त्याच्या बोटांना यंत्रातलं सगळं कळतं, असा तिचा विश्वास होता. त्या बोटांवरच तर तिचं प्रेम बसलं होतं.

मोठ्या रस्त्यालगत एका नव्या इमारतीत त्याचं लिफ्टचं काम चालू होतं. काम आटपून तो पेट्रोलपंपावर येऊन थांबेल, ती परतीच्या वाटेवर तिथं पोचेल, तो गाडी बघेल आणि मग दोघं डबलसीट जातील, असं ठरलं. ती पोचली तेव्हा तो पत्र्याच्या शेडखाली उभा होता. "आज हललं का?" "हललं. टेकडीच्या अलीकडे." "बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या त्या 'बरं'मध्ये पाहुण्यांसमोरची गोष्ट अर्धी सांगून झालेली होती. "पाणी पी. पुढच्या पुलापर्यंत जाऊन येतो." ती पेटीचे खटके उघडायला वळली. तोवर त्यानं किल्ली फिरवलीही होती. "राहू दे गं, हा आलोच," असं म्हणून त्यानं गियर टाकला आणि गाडी रस्त्याला लागली. ती शेडखालच्या बाकावर बसली. बाटली उघडून दोन घोट प्याली. रस्त्यावरून ट्रक जात होते, प्रत्येकाबरोबर शेडचा एक सैल पत्रा वाजत होता. सवयीनं तिचा डावा हात बाजूला गेला, पेटीवर ठेवायला, आणि बाकाच्या लाकडावर पडला.

हात तिथंच राहिला. पेटी सावलीत नाही, हे पहिल्यांदा मनात आलं. पेटी गाडीवर आहे, हे नंतर आलं. मग बराच वेळ काही आलं नाही, आणि मग सगळं एकदम आलं: काका पाटीकडे बोट दाखवतोय, ती पेटी काढतेय, बाकावर शेजारी ठेवतेय, काका शंभरला नेऊन हसत परत येतोय. जाताना पेटी जवळजवळ रिकामी, येताना ती गळ्यापर्यंत भरलेली, बर्फाच्या विटा, नळ्या, लघवीचे जड कॅन, आणि ते सगळं मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर लटकलेलं. मागून दाबलं की पुढून उचलतं. पुढचं चाक रस्त्यावर धड टेकतच नाही. मागं वजन असतं का, काकानं विचारलं होतं. एकटीच असते, असं तिनं सांगितलं होतं. वजन म्हटल्यावर तिला माणूसच आठवला होता. तिला इतकं हलकं वाटलं की ती बसल्या जागी मोठ्यानं हसली, आणि पंपावरच्या माणसानं वळून पाहिलं. आपण ठीक आहोत. आपले हात ठीक आहेत. मग तिला आठवलं की नवरा त्या गाडीवर आहे, पेटी भरलेली आहे, आणि तो ऐंशीच्या पुढे जायलाच गेला आहे.

फोन तिच्या हातात होता. गाडी चालवताना नवरा फोन उचलत नसे, हे तिला माहीत होतं. वाजला तर खिशाकडे हात मात्र नेईल, एका हातानं हँडल धरेल, हेही माहीत होतं. म्हणून तिनं फोन केला नाही. हे कारण खरं होतं. त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, आणि ते तिला दिसत होतं, त्याच्याकडे पाठ करून बसता येत नव्हतं. हलू दे, असं तिला वाटत होतं. एकदा हलू दे. त्याच्या हातांत हलू दे. ती तसं मनात म्हणाली, शब्दांत म्हणाली. पडू दे असं ती म्हणाली नव्हती, पण हलणं आणि पडणं यांच्यामध्ये काय असतं ते तिच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिला तो रस्त्यावर आडवा दिसला, हेल्मेट बाजूला गेलेलं, पांढरी पेटी फुटलेली, कॅनमधली लघवी आणि नळ्यांतलं रक्त डांबरावर पसरलेलं, आणि लोक जमून म्हणताहेत, अरे बापरे, केवढं रक्त गेलं माणसाचं. यावर तिला हसू यायला लागलं आणि तिनं ओढणी तोंडात धरली. कसली बाई आहे मी, असं तिच्या मनात आलं. तिला स्वतःची भीती वाटली, हँडलची कधी वाटली नव्हती इतकी. पत्रा वाजत होता. पुलापर्यंत जाऊन यायला लागतो त्याहून जास्त वेळ झाला होता की काय, हे तिला ठरवता येईना. ती उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे बघू लागली. येऊ दे, आता ती म्हणत होती. काही नको मला, हललं नाही तरी चालेल, येऊ दे.

तो आला तेव्हा तिनं आधी ओळखलंच नाही, कारण गाडी अगदी कडेनं, सायकलच्या वेगानं येत होती. मागून येणारे भोंगे वाजवून त्याला ओलांडत होते. तो कधी असा चालवायचा नाही. पंपात वळून त्यानं गाडी उभी केली, बंद केली, पण उतरला नाही. दोन्ही हात मुठींवरच होते. मग उतरला. हेल्मेटचा पट्टा त्याला सुटेना. तिनं पुढे होऊन सोडवून दिला. हेल्मेटच्या आत चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ओठांवर घाम होता. तिला त्याला तिथंच, पंपावरच्या माणसांसमोर, जवळ घ्यावंसं वाटलं. "काय झालं?" तिनं विचारलं. "काय होणार?" तो म्हणाला. त्यानं बाटली घेतली, पाणी प्याला, बरंचसं शर्टावर सांडलं. तिला वाटलं, आता सांगेल. त्याला श्वास घेऊ द्यावा. त्यानं सांगितलं, की मग पेटीचं सांगू, म्हणजे त्याला वाटणार नाही की आपण आधीच जिंकून बसलो होतो. त्यानं बाटलीचं बूच लावलं, खिशातून फोन काढला आणि सरांना लावला.

"नमस्कार सर. हो, आत्ताच आलो चालवून," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा होता, जरा जास्तच मोकळा होता. "नव्वदपर्यंत नेली. मख्खन आहे गाडी. नाही नाही, हँडल, काही नाही. हो... हो... तेच म्हणतोय मी तिला. येताना दमते, मग घाबरते. सर, बसवाच तिला ऑफिसात काही दिवस. बरं होईल उलट." बोलताना तो तिच्याकडे पाठ करून उभा होता, आणि त्याचा मोकळा हात मांडीवर आपोआप उघडत मिटत होता. ती त्या हाताकडे बघत राहिली. तिच्या हातांना रोज येणारी मुंगी आता त्या हातात होती, तिला ती ओळखू येत होती. भिंतीला कान लावून हो म्हणणं किती सोपं होतं, आणि तेवढंही त्याच्याच्यानं होत नव्हतं. फोन ठेवून तो वळला. "झालं," तो म्हणाला. "सर चांगले आहेत." तिनं विचारलं, "खरंच काही झालं नाही?" "तू चालवून चालवून मनात घेतलंयस," तो म्हणाला, "सोड आता." मग त्यानं किल्ली पुढे केली. "तू चालव. मी मागं बसतो."

लग्न झाल्यापासून तो कधी तिच्या मागे बसला नव्हता. रस्त्यावर लोक काय म्हणतील, हे तो चेष्टेत म्हणायचा, पण बसायचा नाही. आता तो काही न बोलता बसला, पेटीला पाठ टेकून, आणि त्यानं तिचे खांदे धरले. तिनं गाडी रस्त्यावर घेतली. संध्याकाळ पडत होती, रस्ता सरळ होता. चाळीस, पन्नास. राग मनगटात उतरत होता. न्यावी ऐंशीला. दोघांच्या वजनानं तर आत्ताच लागेल हलायला. मग बघू काय म्हणतोय, मग कानाशी ओरडावंच लागेल त्याला. पंचावन्न झाले. साठ झाले. तिनं मूठ आणखी थोडी पिळली, तशी त्याची बोटं तिच्या खांद्यांत रुतली, हाडाला लागली.

"पुरे," तो म्हणाला. "साठच्या वर नको नेऊस."

"का?" तिनं विचारलं.

मग त्यानं तिच्या कानाशी तोंड आणलं.

"मागं पेटी आहे ना," तो म्हणाला.

तिनं काटा साठावर ठेवला, गाडी डाव्या कडेला घेतली आणि मागून येणाऱ्या ट्रकांना वाट देत राहिली.